डोळे उघडा, नाव सांगा!

आमच्या प्रयोगशाळेत जांभई द्यायची सोय नाही. दिलीच, तर साबळे सर टॉर्च घेऊन समोर हजर. "डोळे उघडा! नाव सांगा!" कित्येक वर्षं एका टेबलावर काम करतोय आम्ही, तरी मी निमूट नाव सांगते. वॉचमनही सांगतो. एकदा पुण्याचे पाहुणे प्राध्यापक सभेत पेंगले, तर सरांनी भर व्यासपीठावर त्यांच्याही पापण्या वर करून पाहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर राजूरकडच्या डोंगरातले. संशोधन सापाच्या विषावर, आणि सापाला असे टरकून, की वायरीवर पाय पडला तरी टुणकन उडी मारतात! विषाची बाटली दोन्ही हातांनी धरून तिला म्हणतात, "बाई, गप ऱ्हा." आम्ही खूप हसायचो.

एकदा मात्र मी वैतागले. "अहो सर, जेवल्यावर माणूस पेंगणारच! एवढं काय भ्यायचं?"

सर स्टुलावर बसले. "मण्यार झोपेत चावती, मॅडम. दुखत न्हाई, सुजत न्हाई. आमच्या हिराच्या पापण्या मिटाय लागल्या, तर आई म्हणली, पोर दमलीय, निजू द्या. मीच गोधडी घातली तिच्यावर."

हिरा त्यांची धाकटी बहीण. सकाळी उठलीच नाही.

तेव्हापासून घरी नवऱ्याला डुलकी लागली, की मीही त्याला हलवून बघते. काय करणार, भीती वाटते.

हे विष स्नायू बंद पाडतं. आधी पापण्या, मग श्वास. माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास चालू ठेवेल असं औषध सर शोधताहेत. परवा दुपारी नवं औषध तपासायचं होतं. काचेच्या भांड्यात कोंबडीच्या पिल्लाचा स्नायू. विजेच्या हलक्या झटक्याने तो हलला की पडद्यावरची रेघ उसळते. विष घातलं की आजवर ती दर वेळी सपाट झालेली.

औषध घातलं, मग विष. सर पाठ करून उभे.

"चालू हाय का?"

"आहे, सर."

"आता?"

रेघ खाली खाली येत गेली. "सर..." म्हणेपर्यंत ती पुन्हा उसळली, आणि संध्याकाळपर्यंत उसळतच राहिली.

"एका स्नायूवर औषध ठरत न्हाई," एवढंच सर म्हणाले. खुर्चीत टेकले आणि त्यांचे डोळे मिटले.

मी जाम घाबरले. टॉर्च घेऊन धावले. "सर! डोळे उघडा! नाव सांगा!"

"हिरा," सर झोपेतच म्हणाले.

मी टॉर्च बंद केला आणि त्यांचा श्वास चाललाय ना, हे बघत तिथेच बसून राहिले.