एका लॅपटॉपचे सुलभीकरण

बदलीचे अर्ज भरण्याची पद्धत सुलभ केल्याचे परिपत्रक खात्याने सोमवारी काढले. आम्हाला ते शुक्रवारी सकाळी कुणाच्या तरी भाच्याकडून कळले, कारण परिपत्रक फक्त नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उघडत होते आणि ती खात्यात कोणाकडेच नव्हती. अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

माझी बायको या खात्यात ग्रंथपाल आहे, इथून चार तासांच्या अंतरावर. ती शनिवारी येते, रविवारी जाते. याला तीन वर्षे झाली. मागच्या महिन्यात आमच्या लेकीने तिला दार उघडले आणि "बसा, बाबांना बोलावते," असे सांगितले. आम्ही दोघे हसलो. मग बायको तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. ही बदली व्हायलाच हवी होती. ती रजा टाकून घरीच होती, हे त्यातल्या त्यात नशीब.

नियम असा होता की अर्ज नव्या सिस्टिमवर भरायचा, पण त्याला जोडायची डिजिटल सही फक्त जुनीवर चालणार. मी मदत कक्षाला फोन लावला.

"सुलभीकरण टप्प्याटप्प्याने आहे," तिथले गृहस्थ म्हणाले. "सही पुढच्या टप्प्यात. तोवर एकाच लॅपटॉपवर दोन्ही ठेवा. अर्ध्या तासाचं काम."

घरातला संगणकतज्ज्ञ मी. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एकदा ओढून काढल्यापासून हे पद माझ्याकडे आहे. मी बाह्या सरसावल्या. लॅपटॉपने विचारले, डिस्कची वाटणी कशी करू? पुढे भांडण नको म्हणून मी निम्मी-निम्मी केली. तासाभराने नवी सिस्टिम बसली, लॅपटॉप रीस्टार्ट झाला आणि जुनीच उघडली. नवीचा पत्ता नाही.

"जुनी तिला पुढे येऊ देत नाही," गृहस्थ म्हणाले. "सुरक्षेचं बटण बंद करा."

बंद केले. नवी उघडली. बायकोने अर्ज भरला. बदली मागण्याचे कारण वीस अक्षरांत लिहायचे होते. तिने 'मुलगी' एवढेच लिहिले. आता जुनीत जाऊन सही करायची की झाले. जुनी उघडली आणि म्हणाली, सुरक्षा बंद केलेली दिसते, तुम्ही चोर नसल्याची खात्री पटवण्यासाठी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली द्या.

"लॅपटॉप घेतलात तेव्हा विचारलं असेल, किल्ली जपून ठेवलीत का म्हणून," गृहस्थ म्हणाले.

"विचारलं होतं. मी 'हो' दाबलं."

"सगळेच दाबतात. कुठे ठेवलीत?"

"लॅपटॉपमध्येच असणार."

"मग तक्रार नोंदवा. तक्रारीचा फॉर्म जुन्या सिस्टिमवर आहे."

मी पोटासाठी प्रूफे तपासतो. दिवसाला दीडशे पाने काना-मात्रेसकट वाचतो. पण पडद्यावर चौकट आली की माझे बोट डोळ्यांच्या आधी पोहोचते. मी डोके धरून बसलो. तीन वाजून गेले होते.

बायको उठली आणि कपाटातून तिचा कार्डांचा खोका घेऊन आली. घरातल्या प्रत्येक वस्तूचे तिच्याकडे कार्ड असते. एका कार्डावर वर लिहिले होते 'लॅपटॉप, किल्ली', मध्ये अठ्ठेचाळीस आकडे आणि खाली 'नोंद ठेवण्याचे कारण: नवरा'.

"आधी का नाही सांगितलंस?"

"इतका जाणकारासारखा बोलत होतास फोनवर. म्हटलं, चालू दे."

ती आकडे वाचत गेली, मी दाबत गेलो. तिसऱ्या खेपेला जमले. सही केली, पेन ड्राइव्हवर घेतली, पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा नवी, सही जोडली. चार वाजून एक्कावन्न मिनिटे झाली होती. तेवढ्यात शेवटची चौकट आली: अर्ज भरताना आपल्याला काही अडचण आली का? हो किंवा नाही.

"आता यांना सोडत नाही," मी म्हणालो आणि 'हो'कडे झेपावलो. बायकोने माझे मनगट धरले.

"खालचं वाच."

खाली बारीक अक्षरांत होते: 'हो' निवडल्यास अर्ज अडचणग्रस्त समजून पुढील वर्षी विचारात घेतला जाईल.

तिने माझ्याकडे पाहिले आणि 'नाही' दाबले.

बदली झाली. बायको आता रोज संध्याकाळी घरी असते, आणि लेक तिला क्षणभर बसू देत नाही. मी सुखात आहे, हे सरळच सांगतो.

परवा खात्याचा अहवाल आला. चार हजार दोनशे अर्जदारांपैकी एकालाही अडचण आली नाही. सबब मदत कक्ष बंद करण्यात आला असून ही पद्धत इतर सर्व खात्यांना लागू होत आहे. प्रस्तावनेत असेही म्हटले आहे की, खात्यावर लादण्यापूर्वी अडचण विचारणारी ती शेवटची चौकट सर्वसामान्य नागरिकांच्या ऑनलाइन अर्जांवर वापरून पाहिली होती आणि त्यांनीही शंभर टक्के 'नाही' असेच कळवले होते.

त्यात तुम्ही होतात ना?