धोंडूकाकांचं ऑनलाइन गाऱ्हाणं

"नलू, आठ दिवसांत तुझ्या गाडयेवर लख्ख उजेड पडतलो! नाय पडलो तर नावाचो धोंडू नाय!"

धोंडूकाकांनी ही घोषणा केली तेव्हा नलिनीकाकूंनी नुसतं "हं" केलं. काकांच्या घोषणा त्या लग्नापासून ऐकत होत्या!

घाटकोपरच्या भटवाडीत, नाक्यावर काकूंची गाडी. संध्याकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. पण नाक्यावरचा रस्त्याचा दिवा पावसाळ्यापासून बंद पडला होता. अंधारात घावणा कुठे नि ताट कुठे ते दिसेना, म्हणून गिऱ्हाईक पलीकडे आकाशच्या झगमगत्या चायनीजकडे वळलं. "दिवाळीपर्यंत बघतंय, नायतर गाडी विकून टाकतंय," असं काकू हल्ली म्हणायच्या आणि उगाचच तवा घासत बसायच्या. तो आवाज काकांच्या काळजात जायचा.

शेवटी सुनेने, म्हणजे श्रुतिकाने, त्यांच्या फोनमध्ये तक्रारीचं ॲप टाकून दिलं. "सोप्पंय बाबा! फोटो काढायचा, बटण दाबायचं. तुम्ही कुठे आहात ते त्याला आपोआप कळतं. झालं!"

हे 'झालं' काकांना काही पटेना. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा! देवापुढे नारळ ठेवायचा, सगळ्यांची दुखणी एका दमात सांगायची, मंडळींनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. आणि सरकारदरबारी एवढं मोठं मागणं, ते भर रस्त्यात, पायात चपला घालून, नुसत्या अंगठ्याने? छे!

काकांनी नाक्यावर जाऊन खांबाचा फोटो काढला. घरी आले, पाय धुतले, देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला आणि त्याला टेकून फोन उभा केला. शेजारपाजारचे जमले.

"बा देवा म्हाराजा! नाक्यावरचो दिवो बंद पडलो हा, तो पेटव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या ॲपाचो सर्व्हर बसलो असात, तर तो उठव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकांनी डोळे मिटून बटण दाबलं. शेजाऱ्यांना हा सोहळा इतका आवडला, की दुसऱ्या दिवशी विशाल उघड्या गटाराचा फोटो घेऊन आला आणि प्रेमा कचऱ्याच्या ढिगाचा. काकांनी त्यांचीही गाऱ्हाणी घातली. दिव्याचं तर रोज घालत होते!

मग माणसं यायला लागली. पहिले आले गटारवाले, झाकण घेऊन. "काका, उघडं गटार कुठाय?"

"ता थय, मागच्या बोळात!"

"पण नकाशा तर तुमचा देव्हारा दाखवतोय!"

पाठोपाठ कचऱ्याची गाडी. "ढीग कुठाय? घरातच आहे ना?"

"माझ्या घरात कचरो?" काकू उलथनं घेऊनच बाहेर आल्या! पण बिचाऱ्यांचे घामेजलेले चेहरे बघून त्यांचा राग तिथेच विरघळला. सगळ्यांना गरम घावणे मिळाले आणि मग काम कुठे आहे ते कळलं.

दिव्याची माणसं मात्र नेमकी दुपारी आली. काकू मंडईत, काका गाढ झोपेत. उठून बघतात तो खिडकीबाहेर नवाकोरा खांब!

"अरे, हय नाय! नाक्यावर!"

"काका, रोज इथूनच तक्रार येते. साहेब म्हणाले, म्हाताऱ्याचे अंधारात हाल होतायत, आधी तिथे लावा!"

संध्याकाळी काकांच्या दारात लख्ख उजेड पडला आणि काका उंबऱ्यावर मान खाली घालून बसले. समोरून काकू गाडी ढकलत अंधाऱ्या नाक्याकडे निघाल्या होत्या.

"नलू, माझा चुकला गो," काका पुटपुटले.

काकूंनी दिव्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि गाडी गर्रकन वळवली. "उजेड गाडयेकडे येना नाय, तर गाडी उजेडाकडे जातली. तिका चाकां आसत मा? उठा, ताटां पुसा!"

पहिलं गिऱ्हाईक म्हणून दिवेवालेच बसले. दुसऱ्या दिवशी गटारवाले आपली अख्खी टोळी घेऊन आले. आठवड्याभरात काकांच्या दारापुढे उभं राहायला जागा उरेना. काकूंचा तवा आता घासण्यासाठी रिकामाच सापडत नव्हता. दिव्याच्या उजेडामुळे काका तोंडावर टॉवेल टाकून झोपायचे, पण टॉवेलाखाली हसायचे.

एवढ्यात ॲपने विचारलं, 'नाक्यावरचा दिवा लागला का?' आता देवासमोर बसून खोटं कसं बोलायचं? काका उठले, चपला घातल्या आणि अंधाऱ्या नाक्यावर उभं राहून त्यांनी अंगठ्याने 'नाही' दाबलं. नारळ नाही, गाऱ्हाणं नाही!

दोन दिवसांत नाक्यावरचा दिवा लागला. त्याखाली आकाशने आपली दुसरी गाडी टाकली आहे. भूक लागली की तो जेवायला मात्र काकूंकडे येतो.