मयेकरांचं नाव सांगायचं नाही

पुण्यात कुणी कुणाला कुठंही पाठवलं, तरी 'माझं नाव सांगा' असं बजावून पाठवतो. दातांच्या डॉक्टरकडे, साडीच्या दुकानात, फार काय, पंक्चरवाल्याकडेसुद्धा. नाव सांगितल्यावर समोरचा 'कोण?' असं विचारतो, ती गोष्ट वेगळी. 'माझं नाव अजिबात सांगायचं नाही' असं बजावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतले, खालच्या मजल्यावरचे मयेकरकाका.

काका माडवेळचे. माडवेळ म्हणजे कोकणातली एक चिमुकली नगरपालिका. तिथं आयुष्यभर नोकरी करून ते निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला आले. पण आले ते नुसते शरीरानं. "आमच्या नगरपालिकेला पूर्वेला डोंगराची हद्द आहे, पश्चिमेला हद्दच नाही. समुद्र जाईल तिथपर्यंत आमची. नोंद घ्यावी," असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते. मी घेतली. मयेकरांशी बोलताना माणसाला सतत नोंदच घ्यावी लागते.

शुक्रवारी संध्याकाळी ते गेटपाशी खुर्ची टाकून बसतात. कुणी गाडीत बॅगा भरताना दिसला की उठतात.

"कोणीकडे?"

"महाबळेश्वर."

"हं. थंडी वाजावी म्हणून लोक खर्च करतात."

एवढं ऐकून त्या कुटुंबाचा निम्मा उत्साह जातो. उरलेल्या निम्म्यावर काका माडवेळ ओततात. किल्ला, दीपस्तंभ, पहाटेचा मासळीचा लिलाव, खाडीतली होडी. आमच्या सोसायटीच्या चेअरमन जोशीबाईंनी एकदा तोफ डागली, "मयेकर, गाव इतकं छान आहे तर तिथंच का नाही राहत आपण?"

"सगळेच तिथं राहिलो, तर पाहायला कोण येणार?" काका म्हणाले. त्याच दिवाळीत जोशीबाई माडवेळला जाऊन आल्या.

मागच्या हिवाळ्यात आमची पाळी आली. काकांनी माझ्या बायकोला, नीलिमाला, सगळा दौरा तोंडी समजावला. त्या दौऱ्यात एक गंमत होती. किल्ल्यावरून उतरा, दीपस्तंभावरून उतरा, नाहीतर होडीतून उतरा, दुपारी जेवायच्या वेळी तुम्ही बर्फाच्या कारखान्यामागच्या एका बोळातच पोचता.

"तिथं एक खानावळ आहे. पाटी नाही. समुद्र दिसत नाही. जेवायचं तिथंच," काका म्हणाले. "आणि माझं नाव सांगायचं नाही."

"कुणीतरी आहे तिथं," घरात आल्याबरोबर नीलिमा म्हणाली. "जुनं प्रकरण."

मला हे फार आवडलं. माझ्या डोळ्यांपुढे लगेच एक पांढऱ्या केसांची, अबोलीचा गजरा माळलेली बाई मासे तळू लागली.

"तू तिथं तोंड उघडायचं नाहीस," नीलिमानं दम दिला. तिचं बरोबर होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मेव्हण्याच्या साठीचा गुपचूप समारंभ ठरला, तेव्हा त्याला फोन करून 'कुठला शर्ट घालणार आहेस?' असं विचारणारा मीच.

खानावळ सापडली. गजरेवाली बाई नव्हती. भरघोस मिशांचा, लुंगी नेसलेला एक गृहस्थ लंगडत लंगडत वाढत होता. प्रेमकथेचा असा बोजवारा उडाल्यावर मला राहवेना. तो सोलकढी ओतत असताना मी म्हणालो, "आम्हाला मयेकरांनी पाठवलं."

नीलिमानं टेबलाखालून लाथ मारली. ती त्या गृहस्थाला लागली.

तो हसला नाही. भांडं खाली ठेवून समोर बसला. "पहिलाच माणूस खरं बोलणारा," तो म्हणाला. "बाकीचे सगळे सांगतात, इंटरनेटवर पाहिलं. माझी खानावळ इंटरनेटवर नाहीच ओ. ह्या बोळात गावातला माणूस चुकून येत नाही, आणि पुण्याच्या गाड्या बरोबर जेवायच्या वेळेला येतात. मला कळत नाय? मी त्याचा धाकटा भाऊ, सुधाकर."

मग सगळं कळलं. सुधाकरची खानावळ आधी जेटीवर होती, समुद्रासमोर. नगरपालिकेनं किनाऱ्यावरची अतिक्रमणं हटवायचं ठरवलं. नोटिसा द्यायचं काम मयेकरकाकांकडे आलं.

"माझ्याकडे पोटभर जेवला," सुधाकर म्हणाला. "हात धुतलान आणि त्याच हातानं दारावर नोटीस डकवलीन. वर सोलकढी चांगली झालीय असंही म्हटलंन. तेव्हापासून बोलणं बंद."

"आता फोन करा की," नीलिमा म्हणाली.

"मोठा तो आहे. त्यानं करावा." मग त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "मला हे ठाऊक आहे असं त्याला सांगू नका हां. मानी आहे. लाजून माणसं पाठवायचं बंद करील. गिऱ्हाईक गेलं तर गेलं ओ. पण पुण्याची गाडी आली की मला समजतं, दादा बरा आहे. गाडी येईनाशी झाली, तर मी कुणाला विचारू?"

परतीच्या वाटेवर घाट संपेपर्यंत मी गप्प होतो. मला गाडी लागली असं समजून नीलिमानं आवळासुपारी दिली.

सोसायटीत शिरलो तर काका गेटपाशीच होते. आम्ही बॅगा काढायच्या आत त्यांनी विचारलं, "नाव नाही ना सांगितलंत?"

नीलिमानं माझ्याकडे पाहिलं. सगळी हकिगत माझ्या दातांपर्यंत आली होती.

"कुणाचं?" मी म्हणालो.

काकांचा चेहरा सैल झाला. "जेवण कसं होतं?"

"उत्तम. प्रत्येकाला सुरमईची एक तुकडी जास्तीची वाढली."

"असं?" ते गेटच्या कडीशी चाळा करत राहिले. "वाढणारा जो कोण होता, तो चालताना लंगडत होता का?"

"थोडासा."

"तेल लावायला पाहिजे. आळशी असतात एकेक." मग एकदम घसा साफ करून म्हणाले, "तुमच्या ऑफिसात माणसं किती?"

"असतील चाळीसेक."

"सहल काढा. एका बसमध्ये मावतील."

"अहो काका, त्यातले निम्मे शाकाहारी आहेत."

"असू देत. वालाचं बिरडं करायला सांगा त्याला. अगदी आमच्या आईसारखं करतो."

बोलून गेल्यावर ते थबकले. चष्मा काढून पुसू लागले, बराच वेळ. त्या खानावळवाल्याला मयेकरांच्या आईचं बिरडं कसं येतं, हे विचारायची इतकी सुंदर संधी समोरून चालून आली होती.

"बस स्वारगेटहून ठरवू," मी म्हणालो. "तिथून सोयीचं पडेल."