जिल्हा उद्यान, मुक्काम माळ

जिल्हा नवा झाला आणि त्याच वर्षी पाऊस फिरकला नाही. लातूरच्या जिल्हा कचेरीला इमारत मिळाली, पाटी मिळाली, बाग तेवढी व्हायची राहिली. मोठे साहेब पंधरवड्यात पाहणीला येणार होते. बागेचं काम नव्यानेच नोकरीला लागलेल्या कारकून पंचशीलाबाईंच्या गळ्यात पडलं. बाग फुलवायचीच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

कचेरीपुढे बागेची पाटी रोवून गुलाब लावले, ते चार दिवसांत वाळले. मग एकदा उदगीरच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून त्यांना उजाड माळावर पिवळाधमक फुललेला तरवड दिसला. गुरंही त्याला तोंड लावत नव्हती. दुसऱ्या दिवशी बाई कुदळ घेऊन माळावर हजर!

माळालगतच्या वस्तीतली बेगमबी रिकामी घागर घेऊन बघत उभी होती. "बाई, नका खांदू. मुरमातलं झाड हाय. मूळ लई खोल जातंय, तुटलं की संपलं."

"रोज पाणी घालीन की!"

"पाणी? आमालाच मिळंना झालंय!"

बाईंनी तरीही बारा झुडपं नेली. सकाळ-संध्याकाळ टँकरचं पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी पानं गळाली. बाईंनी पाणी वाढवलं. पाचव्या दिवशी बारा काड्या उरल्या, आणि पाहणी उद्यावर आली.

"गुरुलिंग," बाई शिपायाला म्हणाल्या, "बागेची पाटी उपटा."

"कुठं न्यायची?"

"जिथं बाग हाय तिथं."

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप माळावर थांबली. 'जिल्हा उद्यान' या पाटीमागे नजर पोचेल तिथवर पिवळी फुलं.

"कचेरीपासून इतकं लांब?"

"जिल्ह्याचं उद्यान आहे, साहेब."

साहेब हरखले. "या दुष्काळात पाणी कुठून देता?"

पाणी लागतच नाही म्हणावं, तर बाग कुणी लावलीच नाही हे उघडं पडणार. तेवढ्यात बाईंना वस्तीच्या कडेला रिकामी घागर घेतलेली बेगमबी दिसली.

"पाण्याचीच तर अडचण आहे, साहेब."

साहेबांनी तिथल्या तिथं हुकूम सोडला, उद्यानाला रोज एक टँकर.

पहिला टँकर आला. ड्रायव्हर नळी घेऊन तरवडाकडे निघाला.

"झाडाला नको, मरंल!" बाई ओरडल्या. "घागरीत सोडा!"

उन्हाळाभर वस्ती तगली. पुढच्या पाहणीचा शेरा आला, तो बाईंनी बेगमबीला वाचून दाखवला : 'उद्यानाची निगा उत्तम. पाण्याचा थेंबही वाया जात नाही.'

"हाव," बेगमबी घागर उचलत म्हणाली, "खरंच लिवलंय की सायबानं."