चार चौकटींतला गोंदू

भिकाजी न्हाव्याकडे हजामतीला जात नसे, रडायला जात असे.

थट्टा नाही. आमच्या रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वाटेवर एका न्हाव्याचं दुकान होतं, त्यात पुरुषभर उंच आरसा होता. भिकाजी त्याच्यासमोर उभा राहून तोंड वेडंवाकडं करून रडायचा, दात विचकायचा, गाल फुगवायचा, आणि खिशातल्या कोळशानं ते तोंड कागदावर उतरवून घ्यायचा. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक ओरडायचं, "सरक रे मेल्या! साबण वाळला माझ्या तोंडावर!"

"बघून सांगतो," भिकाजी म्हणायचा.

हे त्याचं ठरलेलं. जेवलास का विचारलं तरी "बघून सांगतो", आणि तुमच्या नाकाकडे बघत बसायचा. स्वतः कधी हसला नाही. आणि रत्नागिरीला पहिल्यांदा आठवड्याच्या आठवड्याला हसवलं ते यानं.

पोटाचा धंदा होड्या रंगवायचा. पण इथल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांना मुंबईची इंग्रजी पत्रं यायची, त्यांत एका ओळीत चार चित्रं असत. आपल्याकडेही तसं हवं, असं त्यांनी मनात घेतलं. चित्रं भिकाजीनं काढायची, आणि ती लाकडात कोरून ठसा करायचा मी. मी सुतार. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तर माझा बरोबर हिशेब चूक म्हणाले, म्हणून शाळा सोडली. आधीच सांगून ठेवतो. मागाहून कोणी शोध लावायला नको.

चित्रातल्या माणसाचं नाव गोंदू. बटाट्यासारखं नाक, डोक्यावर तिरकी टोपी. गावातले जाड नाकवाले एकेक करून छापखान्यात भांडायला आले. एक खोत तर छत्री उगारून आले. भिकाजीनं त्यांचं नाक नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "खोत, तुमचं नाक माझ्या कामाचं नाय." ते जास्तच चिडले.

गोंदू खरं म्हणजे भिकाजीच होता. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, नाटे गावाला, गेली होती. मूल राहिलं नाही. निरोप आला तेव्हा हा होड्या रंगवत होता. मासेमारीचा हंगाम तोंडावर, होड्यांचे मालक नाखवे डोक्यावर. "काम आटपून येतो," असा उलट निरोप पाठवला. काम आटपून गेला तेव्हा ती दाराबाहेर आली नाही. हा अंगणात उभा राहून परत आला. नंतर वर्षं गेली. पत्र पाठव म्हटलं तर म्हणे, "तिला वाचता येत नाय. तिचा भाऊ वाचून दाखवणार. मग ते माझं बोलणं कसलं? भावाचं होईल ते."

म्हणून गोंदूच्या चित्रात अक्षर नसे. एकसुद्धा.

पहिल्याच चित्रात त्यानं आपलंच घर काढलं होतं. नवराबायको पायरीवर बसलेत, मग तोंडं फिरवलेली, मग ती गाठोडं घेऊन निघालीय, मग गोंदू एकटा चूल फुंकतोय. मी कागद लाकडावर चिकटवला आणि कोरला. छापलं तर सगळं उलटं! गोंदू आधी एकटा, मग गाठोडं घेतलेली बाई येते, आणि शेवटी दोघं पायरीवर. ठशासाठी कागद पालथा चिकटवायचा असतो म्हणे. मला कोणी सांगितलं होतं? सांगितलं नाही त्यात माझी चूक नाही, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो.

संपादकांनी कपाळाला हात लावला, पण अंक नाट्यापर्यंत गेलेही होते. भिकाजी तो कागद धरून शेवटच्या चौकटीतली पायरी बघत राहिला. रागावला नाही.

पुढच्या आठवड्यात नाट्याची एक मासेवाली बंदरावर त्याला शोधत आली. टोपली न उतरवताच म्हणाली, "तुमच्या बायलीनं सांगितलंय, त्या नाकवाल्याला म्हणावं, बाई अजून आलेली नाय. एवढी घाई नको."

भिकाजी त्या दिवशी न्हाव्याकडे गेला नाही.

तिथून ते सुरू झालं. दर आठवड्याला गोंदू काहीतरी खुळेपणा करायचा आणि नाट्याहून निरोप यायचा. गोंदू माडावरून पडला, तर "हळद लावली का विचारा". गोंदूनं मासा जाळला, तर "आधी तवा तापवतात म्हणावं". गाव खदखदून हसायचं. कुठे काय चाललंय ते मला नि त्या मासेवालीला ठाऊक.

संपादक मात्र अस्वस्थ. त्यांना चित्राखाली विनोदी ओळी हव्या होत्या. "लोक म्हणतात, पोरखेळ वाटतो."

"अक्षर घातलं तर गोंदू बंद," भिकाजी म्हणाला.

"अहो, पण शिकलेल्या माणसाला काहीतरी वाचायला नको?"

"मग त्याला बाकीची पानं आहेत की!" मी म्हणालो. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

मग तो अंक आला. चित्रात गोंदू पेज रांधतो, दोन ताटं मांडतो, एका ताटात जेवतो, दुसरं झाकून ठेवतो. मी नीट कोरलं होतं. पण संपादकांनी आम्हाला न विचारता खाली शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून ओळ घातली: 'दोन ताटं, एकच पोट! बायको नसली की चैन मोठी!' मनात वाईट नव्हतं त्यांच्या. त्यांना वाटलं, गंमत.

मी ओळ वाचून दाखवली. भिकाजीचा चेहरा मी कोणत्याच चौकटीत पाहिला नव्हता, तसा झाला. नाट्याचे अंक सकाळीच बंदरावरून सुटणाऱ्या मचव्यानं गेले होते.

"भाऊ वाचणार," तो म्हणाला. "ओरडून वाचतो तो."

"मग तू जा."

"दार नाय उघडलं तर?"

"तर मी सुतार आहे," मी म्हणालो, आणि त्याला दंडाला धरून पुढच्या मचव्यात बसवला.

ती अंगणात सुकट वाळवत होती. आम्हाला बघून उठली नाही. नवऱ्याकडे बघितलंही नाही, माझ्याशी बोलली.

"सुतारभाऊ, चैन चाललीय म्हणे तुमच्या दोस्ताची."

"तिला सांग, ती ओळ माझी नाय," भिकाजी मला म्हणाला.

"त्यांना विचारा, मग त्यांचं काय?"

"सांग, चित्र तेवढं माझं."

"अरे, मी काय मधला खांब आहे?" मी ओरडलो. "दोघांना तोंडं आहेत की!"

कोंबड्या सुकटीत शिरल्या, तिनं त्या हाकलल्या. हात पदराला पुसले. आणि पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघून विचारलं, "ते दुसरं ताट. रोज वाढता, की चित्रातच?"

"रोज," भिकाजी म्हणाला.

ती खाली बसली. तोही बसला, अंतर ठेवून. मग मुलाचं विचारायला लागला. कसं होतं, नाक कुणासारखं होतं. ती सांगायला लागली, आणि मी बंदराकडे निघालो. ते ऐकायला तिसरा माणूस नको होता.

उन्हं कलली. मचवेवाल्यानं दोनदा हाक मारली, "दुसरा कुठं हाय?"

"सोड," मी म्हणालो.

पुढच्या अंकात गोंदूची जागा मोकळी राहिली. त्याच्या पुढच्याही. संपादक रोज माझ्या दुकानाशी यायचे. वाचक विचारताहेत, चित्र कधी येणार, काही निरोप आहे का?

मी रंधा मारत होतो. मान वर न करता म्हटलं, "थांबा. त्यांचं बोलणं संपलेलं नाही."