रविवारी दहा वाजता, घर पाहायला

"माझ्या लॅपटॉपातून माझ्या परवानगीशिवाय माशीसुद्धा बाहेर पडत नाही!" अमोलनं शनिवारी दुपारी छाती फुगवून जाहीर केलं. ऐकायला एकटी त्याची आई कौशल्याबाई होती, आणि ती मेथी निवडत होती.

अमोल अमरावतीत घरी बसून सॉफ्टवेअर लिहायचा. सध्या समाजाच्या वधू-वर मंडळाचं काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं होतं. स्थळ पसंत पडलं की मुलीकडे आपोआप मेसेज जाणार, अशी ती करामत. खरं तर काम हे निमित्त! रविवारी सकाळी दहाला अकोल्याहून रागिणीच्या घरचे त्याचं घर पाहायला येणार होते. एका भेटीतच रागिणी त्याला इतकी आवडली होती की चार दिवस ना बसवत होतं, ना उभं राहवत होतं. तिच्याकडून नकार आला तर काय, हाच एक विचार.

"हे पाह्य आई, मी कंटेनर चालवून राहिलो. तुये डबे कसे, तिखटाचा येगळा, मिठाचा येगळा? तसं एकात मंडळाची यादी, एकात प्रोग्राम, अन् एकात खोटं पोस्ट. चाचणीचे सारे मेसेज त्या पोस्टात पडतात. बाहेर कोनालेच जात नाई!"

"अन् ते पोस्ट बंद पडलं तं?"

"तं प्रोग्राम आपोआप दुसरं पोस्ट शोधते. मीच केली तशी सोय!"

दुसरं पोस्ट म्हणजे खरं पोस्ट, हे मात्र ना आईनं विचारलं, ना त्याला आठवलं.

एप्रिलचं ऊन. कूलरमधलं पाणी संपलेलं. लॅपटॉप तव्यासारखा तापला आणि त्याचा पंखा घरघरायला लागला. भार हलका करायला अमोलनं एक कंटेनर बंद केला. कोणता? खोट्या पोस्टाचा! खोटंच तर आहे, त्याच्यावाचून काय अडतं?

मग चाचणी. नवरदेव म्हणून स्वतःचीच माहिती टाकली, कारण ती पत्त्यासकट तयार होती. वधू म्हणून यादीतल्या वीस जणी घेतल्या. डोक्यात रागिणी, म्हणून त्यात तीही आली. वेळ? बोटांनी आपणहून लिहिलं, 'मुलाकडून पसंती आहे. रविवारी सकाळी दहा वाजता घर पाहायला यावे.' पडद्यावर वीस हिरव्या खुणा उमटल्या. गडी खूश होऊन कटिंग करायला गेला.

रविवारी नऊलाच दारात जीप थांबली.

"आमी धारणीहून आलो. घर पाह्याले."

रागिणीचे मामा असतील! अमोल वाकून पाया पडला. मग अचलपूरचे आले. मग अकोटचे. अमोल पाया पडता पडता घामाघूम झाला. साडेनऊपर्यंत अंगणात अकरा घरं बसली होती, आणि आईनं पोहे भिजवले होते आठ माणसांचे!

जो तो शेजाऱ्याला मुलाकडचा समजत होता.

"पोट्टा कसा आहे हो सोभावानं?"

"आमाले काय मालूम? आमी तं पोरीवाले!"

"तुमी पोरीवाले? मंग आमी कोन?"

जो गलका उठला तो उठला! अमोलनं मागच्या खोलीत पळून मंडळाच्या सचिवांना, देवरावकाकांना, फोन लावला.

"काका, लोक येऊन राहिले!"

"येतीनच! काल सांजेपासून फोन येऊन राहिले मले. म्या साऱ्याईले सांगतलं, पसंती पक्की आहे, बिनधास्त जा! तुयं सॉफ्टवेअर एक नंबर आहे गड्या!"

अमोल कपाळावर हात मारत बाहेर आला, तर दारात रागिणी आणि तिचे वडील ओमप्रकाशभाऊ उभे.

"हा काय बजार मांडला?" भाऊ गरजले. "घरोघरी पसंती कळवते हा पोट्टा?"

अमोल डबे, झाकण, पोस्ट असं काहीबाही सांगायला लागला. धारणीचे पाहुणे म्हणाले, "काऊन उल्लू बनवून राहिला बे?"

"लॅपटॉप आना," रागिणी म्हणाली. ती एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधायचं काम करायची. बाजेवर बसून तिनं पाच मिनिटं सगळं तपासलं. अमोल मागे उभा राहून पुठ्ठ्यानं लॅपटॉपला वारा घालत राहिला.

"बाबा, हा खरं बोलून राहिला. त्यानं खोटं पोस्ट बंद केलं, अन् त्याच्याच सोयीनं सारे मेसेज खऱ्या पोस्टातून गेले."

"म्हंजे पोट्टा लबाड नाई?"

"लबाड नाई. येडा आहे."

"मंग? जायचं का परत?"

"लबाड असता तं गेलो असतो," रागिणी खाली मान घालून म्हणाली. "येड्यावर लक्ष ठेवता येते. चालते."

चालते! तीस माणसांदेखत वेडा ठरलेल्या अमोलला आनंदानं नाचावंसं वाटलं. तेवढ्यात आई ओरडली, "अरे, अजून आठ घरं रस्त्यात असतीन! त्याईले तं थांबव!"

अमोलनं पळत जाऊन लॅपटॉप ओढला आणि माफीचा मेसेज एका दमात वीसही घरी पाठवून दिला.

ओमप्रकाशभाऊंच्या खिशात फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "'क्षमस्व. आपले स्थळ आम्हाला पसंत नाही.'"

रागिणीनं सुस्कारा सोडला. "पाहा बाबा. सांगतलं ना?"