पाच एक्सचे दोन तुकडे

मुखेडच्या शाळेत मार्तंड सरांनी दहावीच्या फळ्यावर 'एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य' हे वर्गसमीकरण लिहिलं आणि सोडवायला खडू पुढे केला. कुणी उठेना. एरवी पहिला हात वर करणारी ऋतुजासुद्धा दप्तरात काहीतरी शोधायला लागली.

"सर, पाच एक्सचे दोन तुकडे करायचे असतात म्हनं," ती शेवटी म्हणाली. "पर कसे करायचे, ते आमाला कुणी शिकवलंच न्हाई."

सर तडक नववीच्या राजश्री मॅडमकडे गेले.

"मी नुसती उजळणी घेते सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अवयव पाडणं आठवीतच व्हायला पाहिजे. भिंतीच न्हाईत, तर मी माळवद कशावर टाकू?"

सरांना हे लगेच पटलं. दोष दुसऱ्याचा असला की तो त्यांना लगेचच पटे. मधल्या सुटीत त्यांनी दोन पानी तक्रार खरडली: 'या मुलांच्या आठवीच्या गणित शिक्षकाची कसून चौकशी व्हावी.' शिपाई शेषेरावाच्या हाती ती मुख्याध्यापिका चंद्रप्रभा मॅडमच्या टेबलावर पोचलीसुद्धा. त्याच टेबलावर सरांचा आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव सहीसाठी पडून होता. एवढी तळमळ बघून मॅडम आजच सही करतील, असा सरांचा अंदाज होता.

"दिलं का पत्र?" शेषेराव परत येताच सरांनी विचारलं.

"हाव, दिलं. पर सर, ह्या पोरांची आठवी तर तुमच्याकडंच होती की. तुमी मतदारयादीच्या कामाला गेलता त्या साली."

सरांना आत्ता आठवलं. दोन महिने ते यादी घेऊन गावोगाव फिरले होते. परत आल्यावर अवयवांचा धडा झाला असेल असं धरून त्यांनी थेट पुढचा सुरू केला होता. आता पुरस्कार तर गेलाच, वर आपल्याच अर्जावर आपलीच चौकशी. कबुली दिलेली बरी, म्हणून ते ऑफिसात शिरले. मॅडमच्या हातात पत्र होतं.

"मॅडम, ती आठवी..."

"थांबा सर, आधी माझं ऐका." मॅडमचा आवाज पडला होता. "तुम्ही यादीच्या कामावर होता तेव्हा ते तास मीच घेतले. मी इतिहासाची. ते तुकडे मला शाळेत असल्यापासून जमले न्हाईत. पोरांना म्हटलं, घरी वाचून या. तुम्ही पत्रात माझं नाव लिहिलं न्हाई, हा तुमचा मोठेपणा."

सरांच्या जिवात जीव आला. जिभेवर आलेली कबुली त्यांनी गिळून टाकली.

"चालायचंच मॅडम. माणूस म्हटल्यावर चुकतो," ते उदारपणे म्हणाले.

मॅडमनी पत्र फाडलं आणि प्रस्तावावर सही केली. दहावीला रोज सकाळी जादा तास घ्यायचं सरांनी आपणहून कबूल केलं. तेवढं तरी करणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता सरांनी पाच एक्सचे दोन एक्स आणि तीन एक्स करून दाखवले. मागच्या बाकावरून एक हात वर आला. चंद्रप्रभा मॅडम वही घेऊन बसल्या होत्या.

"सर, दोन अन् तीनच का? एक अन् चार का न्हाई?"

"गुणाकार सहा यायला पाहिजे मॅडम," ऋतुजा मागे वळून म्हणाली.

"एवढंच होय?" मॅडम म्हणाल्या, आणि वहीत लिहून घेताना त्यांनी शाळेपासून अडकलेला श्वास सोडला.